असुरांचे कूळ

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे 17 किलोमीटरांवर जोतिबाचा डोंगर आहे. चैत्री पौर्णिमेस उंच सासनकाठ्या नाचवीत, ‘चांगभलं’चा गजर करीत लाखो भाविक तेथे जमतात आणि सारा डोंगर गुलालाने माखून निघतो. जोतिबाने येथे रत्नासुराचा वध केला, म्हणून या स्थळास वाडी रत्नागिरी हे नाव पडले, अशी कथा आहे. खाली कोल्हापुरातही तसेच. अंबाबाईने कोल्हासुरास मारले. मरतेसमयी त्याने या नगरीस आपले नाव राहावे असा वर मागितला आणि देवीने तो दिला. पराभूत शत्रूच्या नावाने आपले नगर ओळखले जाऊ देणे, हे मोठ्या मनाचे लक्षण खरे. एरवी जिंकणारे आधी नावेच पुसतात.

परंतु असुर म्हटला की तो दुष्टच, ही समजूत अशा कथा ऐकणाऱ्यांच्या मनात घट्ट बसते. पुराणांना मात्र ती मान्य नाही. प्रल्हाद दैत्यकुळातला, त्याचा नातू बळी दानशूर. बिभीषण राक्षस, पण रावणास अन्यायापासून परावृत्त करू पाहणारा तोच. दिवाळीच्या पाडव्यास तर महाराष्ट्रात बळीची पूजा होते आणि त्याचे राज्य पुन्हा यावे, अशी इच्छा घरोघरी बोलून दाखविली जाते.

तरीही या थोरांची स्तुती करताना एक शब्द हटकून येतो : ‘असूनही’. दैत्य असूनही प्रल्हाद भक्त, राक्षस असूनही बिभीषण न्यायी! या एका शब्दाने एकाची स्तुती होते आणि त्याच्या साऱ्या कुळाची निंदा होते. रावण हा पुलस्त्य ऋषींचा नातू. पण त्याच्या दुष्कृत्यांबद्दल ऋषींच्या कुळास कोणी बोल लावीत नाही.

जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ या ग्रंथात ही कथाच उलट बाजूने सांगितली. बळी हा प्रजेची काळजी वाहणारा राजा आणि जोतिबा, खंडोबा हे त्याच्याच राज्याचे अधिकारी, असे त्यांनी मांडले. हा अर्थ इतिहासाच्या कसोटीस किती उतरतो, याविषयी मतभेद होतील. परंतु ज्यांना आपण दैत्य म्हणतो त्यांची कथा त्यांच्या शत्रूंनीच सांगितली असेल, तर ती पारखून घेणे योग्यच.

हा प्रश्न पुराणांपुरता राहिला असता, तर एवढे बोलण्याचे कारण नव्हते. 1871 साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. त्यान्वये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविता येऊ लागल्या. पाळण्यातले मूलही त्या नावातून सुटत नसे. असे कायदे रद्द होण्यास 1952 साल उजाडावे लागले. कोल्हापूर संस्थानातही गुन्हा केलेला असो वा नसो, काही जातींच्या लोकांना सरकारी हजेरी द्यावी लागे. त्यांतील चार भल्या माणसांना वगळून बाकीच्यांची हजेरी चालू ठेवणे सोपे होते. छत्रपती शाहू महाराजांनी तसे केले नाही. 1918 साली त्यांनी ती पद्धतच बंद केली आणि लोक ज्यांना चोर म्हणत, त्या फासेपारध्यांना आपल्या पहाऱ्यावर नेमले.