हाड जुळतं, मज्जारज्जू जुळत नाही. घाटातल्या जखमीला उचलण्याआधी हे वाचा

28 जुलै 2018 रोजी पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावर आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकच जण जिवंत वर आला. दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत आसपासचे गिर्यारोहक होते. आंबेनळी असो, कशेडी असो की वरंध, जखमीला पहिला हात बहुधा स्थानिकांचाच लागतो. तो कसा लागतो, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरू शकतं.

कारण सगळ्या ऊती सारख्या भरून येत नाहीत. त्वचा फाटली की कडेच्या पेशी विभागून जखम भरते. हाताचं हाड साधारण दीड-दोन महिन्यांत जुळतं, मांडीचं तीन महिने किंवा जास्त घेतं. चेतापेशी मात्र पूर्ण वाढल्यावर सहसा विभागत नाहीत. हातापायातली नस तुटली तर तिचा अक्षतंतू पुन्हा वाढू शकतो. त्याला वाट दाखवतात श्वान पेशी (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं ते नाव). वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर! मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पाच-सहा महिने, तेही टोकं वेळेत शिवली तर. म्हणून महाडच्या एमआयडीसीत हात कापून बोटं बधिर झालेल्या कामगाराने मालिशवाल्याकडे महिने घालवू नयेत. तोवर स्नायू वाळत जातात.

मज्जारज्जू याहून हट्टी. तिथे श्वान पेशी नाहीत; अक्षतंतूंभोवतीचं आवरण आणि जखमेचा व्रण दोन्ही वाढ अडवतात. पण कणा मोडला म्हणजे मज्जारज्जू तुटलाच असं नाही. अनेकदा तो चेपलेला असतो, काही तंतू शाबूत असतात. चौघांनी हातपाय धरून, मान लोंबकळत ठेवून त्याला जीपमध्ये कोंबलं, की उरलेलेही जाऊ शकतात.

आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर जखमीला हलवू नका. श्वास बघा, रक्त दाबून थांबवा, 108 ला फोन करा. हलवावंच लागलं तर डोकं, मान, कंबर एका रेषेत ठेवून फळीवर घ्या. दार किंवा बाकाची फळीही चालेल. पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती नको. मोटार वाहन कायद्यातलं 2019 चं कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

माझं म्हणणं इतकंच, की घाटालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत पट्ट्यांची एक स्ट्रेचर-फळी, मानेची कॉलर आणि ती वापरता येणारी दहा माणसं हवीत. खर्च गावच्या कमानीपेक्षा कमीच येईल. मे महिन्यात चाकरमानी गावी असतात, तेव्हाच शिकवून टाका. जूनपासून घाट निसरडे होतात.