पक्षाघाताचे पहिले साडेचार तास आणि आपण वैद्य

पक्षाघाताचा रुग्ण आपल्या दारात नवा नाही. तालुक्याच्या गावी वा खेड्यात आजही कोणाचे तोंड वाकडे झाले, हात उचलेना झाला, वाचा अडखळू लागली, की घरची मंडळी प्रथम ओळखीच्या वैद्याकडे धाव घेतात. हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि त्याचा आम्हांस अभिमानही आहे. परंतु मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांवर गेल्या काही वर्षांत जे संशोधन झाले, त्यामुळे या विश्वासाबरोबर येणारी जबाबदारी पूर्वीपेक्षा फार वाढली आहे. तिचा विचार आपल्या व्यवसायात पुरेशा गांभीर्याने झालेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. २०१२ च्या सुमारास एका सकाळी आठ वाजता पन्नाशी उलटलेला एक शेतकरी आमच्या दवाखान्यात आणला गेला. सात वाजता गोठ्यात काम करीत असता त्याचा उजवा हात व पाय एकाएकी लुळा पडला होता. आम्ही नाडी पाहिली, वातव्याधीचे निदान केले, स्नेहन-स्वेदन केले, काढा लिहून दिला आणि दोन दिवसांनी दाखवावयास सांगितले. सायंकाळी त्याची शुद्ध हरपू लागली, तेव्हा मुलांनी त्यास जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. दीड तासाच्या अंतरावर सीटी स्कॅनची सोय होती, गुठळी विरघळविणारे औषध होते. उरलेली नव्हती ती वेळ. तो गृहस्थ वाचला, परंतु पुढे त्याच्या हाती नांगर आला नाही. आमचे निदान चुकले नव्हते. चुकला तो काल.

हा काल किती मोलाचा आहे, ते आता मोजून सांगता येते. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास लाभ होतो, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने दाखविले. २००८ मध्ये युरोपातील अभ्यासाने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. पुढे २०१५ हे वर्ष क्रांतिकारक ठरले. जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याच्या शस्त्रकर्माचा लाभ त्या वर्षी पाच स्वतंत्र अभ्यासांनी सिद्ध केला. त्यांपैकी नेदरलँड्समधील अभ्यासात ५०० रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी शेकडा १९ रुग्ण तीन महिन्यांनी स्वावलंबी झाले, तर गुठळी काढलेल्यांपैकी शेकडा ३३. त्यानंतर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ या अभ्यासाने निवडक रुग्णांत सहा ते चोवीस तासांपर्यंतही हे कर्म उपयुक्त ठरते, हे दाखविले. त्यात स्वावलंबी झालेल्यांचे प्रमाण शेकडा ४९ विरुद्ध १३ असे होते. अर्थात मेंदूचा कोणता भाग अद्याप वाचण्याजोगा आहे, हे प्रतिमांवरून पाहूनच ही निवड करावी लागते.

कवटी उघडून करावयाच्या शस्त्रकर्मातही अशीच प्रगती आहे. मोठ्या पक्षाघातात मेंदू सुजून दाब वाढतो व रुग्ण दगावतो. अशा साठ वर्षांपर्यंतच्या रुग्णांत कवटीचा एक भाग ४८ तासांच्या आत काढून मेंदूस जागा दिल्यास जगण्याचे प्रमाण शेकडा २९ वरून ७८ पर्यंत जाते, असे तीन अभ्यासांच्या २००७ मधील एकत्रित विश्लेषणात आढळले. मेंदूत रक्तस्राव झाल्यास तो साकळलेला भाग लहानशा मार्गाने, चोवीस तासांच्या आत काढण्याचा लाभ २०२४ मध्ये एका अभ्यासाने दाखविला; तो मुख्यत्वे मेंदूच्या पृष्ठभागाजवळील रक्तस्रावात दिसला. आणि येथेच आपल्यासाठी कळीचा मुद्दा आहे. गुठळी आहे की रक्तस्राव, हे मेंदूचे चित्र घेतल्यावाचून निश्चित करता येत नाही. नामांकित मेंदूविकारतज्ज्ञासही नाही. मग केवळ नाडीवर बोट ठेवून आपण ते ठरवू, हा आग्रह कशासाठी?

‘यामुळे आपल्या शास्त्रास उणेपणा येतो’ असे आमचे काही ज्येष्ठ स्नेही म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्ही असहमती नोंदवितो. चरकसंहितेच्या गुल्मचिकित्सेत, पक्व गुल्माच्या ठिकाणी शस्त्रकर्माचा अधिकार धन्वंतरी संप्रदायाचा आहे, असे आचार्यांनी निःसंकोचपणे सांगितले आहे. नेत्ररोगांच्या संदर्भात तर दुसऱ्याच्या अधिकारातील विषयाचा विस्तार करणे त्यांनी टाळले. आपली मर्यादा सांगितल्याने चरकाचार्य लहान झाले नाहीत. सुश्रुताचार्यांनी क्रियाकालाची कल्पना मांडली, ती क्रियेइतकाच काल महत्त्वाचा म्हणूनच. प्राचीनांना गुठळी ओढून काढणे ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही व तसा कोणी करूही नये. परंतु योग्य काळी योग्य हाती रुग्ण सोपविणे ही आपल्याच परंपरेची शिकवण आहे, हे ठामपणे म्हणता येते.

मग पक्षाघातात वैद्याचे स्थान काय? आमच्या मते ते दोन ठिकाणी आहे: पहिल्या घटकेत आणि पहिल्या आठवड्यानंतर.

पहिल्या घटकेतील कर्तव्य सोपे आहे, पण त्यात ढिलाई चालत नाही. तोंड वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, वाचा जाणे, एकाएकी तोल जाणे वा दृष्टी जाणे, यांपैकी काहीही दिसताच रुग्ण अखेरचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहावी. रक्तशर्करा तपासावी, कारण शर्करा घसरल्यानेही असेच चित्र दिसते. तोंडावाटे पाणी, काढा, भस्म, काहीही देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते फुप्फुसात उतरते. नस्य, अभ्यंग, स्वेदन यांपैकी काहीही त्या वेळी करू नये. ॲस्पिरिनही देऊ नये, कारण आत रक्तस्राव असू शकतो. १०८ क्रमांकास दूरध्वनी करून, जेथे सीटी स्कॅन व गुठळी विरघळविण्याची सोय आहे अशाच रुग्णालयात रुग्ण पाठवावा. सोबत चालू औषधे, रक्तदाब व ती वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यावी. जवळच्या अशा रुग्णालयांचे क्रमांक प्रत्येक वैद्याच्या भिंतीवर असावेत.

दुसरे स्थान अधिक विस्तृत आहे, आणि तेथे आपल्या शास्त्रास खरा वाव आहे. मात्र तेथेही उतावीळपणा नको. २०१५ मधील ‘अव्हर्ट’ या २,१०४ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांतच रुग्णास वारंवार उठविणे-चालविणे सुरू केले, तेव्हा फळ अपेक्षेच्या उलट, कमी चांगले मिळाले. दुसरीकडे, व्याधी जुनी झाली म्हणून हात झटकावयाचे कारण नाही. २०२१ मधील १०८ रुग्णांच्या एका अभ्यासात छातीत बसविलेल्या उपकरणाने मानेतील व्हेगस नाडीस उत्तेजन देत हाताचा व्यायाम करविला. पक्षाघातास नऊ महिन्यांहून अधिक काळ लोटलेले हे रुग्ण होते. तीन महिन्यांनी त्यांपैकी शेकडा ४७ जणांत लक्षणीय सुधारणा दिसली. उत्तेजनावाचून व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण २४ होते. मेंदू दीर्घकाळ शिकत राहतो, हे यावरून दिसते. आपण अभ्यंग, बस्ती, शिरोधारा ज्या रुग्णांस देतो, ते बहुधा याच अवस्थेतील असतात.

परंतु ‘गुण येतो’ एवढे म्हणणे आता पुरेसे नाही. भारतातच १४ रुग्णालयांत, १,२५० रुग्णांवर, घरच्या माणसांना शिकवून व्यायाम करविण्याचा अभ्यास झाला. कल्पना उत्तम होती, हेतू निर्मळ होता. २०१७ मध्ये निष्कर्ष आला तो विशेष लाभ नसल्याचा. संशोधकांनी तो जसाच्या तसा प्रसिद्ध केला. हे धैर्य आपल्यात आहे काय? आपल्या नियतकालिकांत यशस्वी रुग्णांच्याच कथा येतात. अयशस्वी रुग्ण जणू आपल्याकडे येतच नाहीत!

म्हणून आमची सूचना अशी. संघटनेच्या प्रत्येक सदस्याने पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी: किती तासांत पाठविला, सीटी स्कॅनमध्ये काय निघाले, आपण काय दिले, आणि तीन महिन्यांनी रुग्ण स्वतः जेवतो का, चालतो का, शौचास जातो का. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत लसूण वा गुग्गुळाचे कल्प मोठ्या मात्रेत देताना विशेष सावध राहावे व तेही नोंदवावे. वर्षअखेरीस या नोंदी, बऱ्या-वाईटासह, वार्षिक सभेपुढे ठेवाव्यात.

आधुनिक वैद्यकाच्या बंधूंविषयीही एक तक्रार आहे. आम्ही वेळेवर पाठविलेला रुग्ण कित्येकदा परत येतो तो ‘वैद्याकडे जाऊ नका’ असा सल्ला घेऊन; चिठ्ठीस उत्तर तर क्वचितच. हे योग्य नाही. परंतु त्या तक्रारीचा हिशेब रुग्णाच्या मेंदूतून वसूल करता येणार नाही. त्यांनी उत्तर दिले नाही, तरी आपण पाठवावयाचेच.

तो शेतकरी आजही आमच्याकडे येतो. दर हिवाळ्यात अभ्यंग व बस्ती घेतो, चालणे थोडे सुधारले आहे, आणि आमच्यावर त्याचा तसाच विश्वास आहे. त्या सकाळी आम्ही काय करावयास हवे होते, हे त्याने कधी विचारले नाही. आम्ही मात्र त्याच्या मुलास ते सांगितले आहे. वैद्यबंधूंनो, आपल्यावर असे सांगण्याची वेळ येऊ देऊ नका.