वेगवान गोलंदाज आणि न मोजलेले चेंडू

नागपूर जिल्ह्यातील वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव तुम्हांला ठाऊक आहेच. विदर्भाकडून खेळून भारताच्या कसोटी संघात गेलेला तो पहिला खेळाडू. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला त्याची पहिली कसोटी झाली, जून २०२३ मध्ये लंडनला शेवटची. ५७ कसोट्यांत त्याने १७० बळी घेतले. एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत तो टेनिसच्या चेंडूनेच खेळत असे.

यावरून आपल्या वर्धा जिल्ह्यातील मैदानांवर एक समजूत ऐकू येते : टेनिसचा चेंडू हलका, तेव्हा पोराने दिवसभर टाकला तरी काय बिघडते? मला ही समजूत धोक्याची वाटते.

टेनिसचा चेंडू सुमारे ५७ ग्रॅमचा, चामड्याचा सुमारे १६० ग्रॅमचा. खांद्याला हा फरक जाणवेल. पण धावत येणारा गोलंदाज पुढचा पाय रोवतो तेव्हा थांबवायचे असते ते त्याचे स्वतःचे शरीर! न्यूटनचा दुसरा नियम आठवा. संवेगात जितक्या थोड्या वेळात बदल होईल, तितके बल अधिक. वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक भार येतो. मुलगा ५० किलोचा असेल तर हा भार झाला अडीच क्विंटल. कापूस मोजणाऱ्या घरांत अडीच क्विंटल म्हणजे काय हे सांगायला नको. वीस षटकांत तो १२० वेळा येतो, आणि उन्हाने दगड झालेल्या काळ्या मातीवर अनवाणी खेळले तर थांबण्याचा वेळ आणखी कमी. हातातला चेंडू कोणता, याने या हिशेबात जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

त्याच वेळी कंबर मागे वाकते, एका बाजूला कलते व पिळली जाते. वाढत्या वयात कमरेच्या मणक्यांचे हाड पुरते पक्के झालेले नसते. वारंवार भार आला की त्यात बारीक तडा जातो. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीची पाठ १९७३ मध्ये अशीच मोडली होती, आणि जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये याच दुखण्याने बाहेर बसावे लागले. दोघेही तेव्हा पूर्ण वाढलेले पुरुष होते, त्यांच्याजवळ डॉक्टर होते. आठवीतल्या मुलाजवळ कोण असते?

इंग्लंडमध्ये शालेय गोलंदाजाने सलग किती व दिवसात किती षटके टाकावीत, याला वयानुसार मर्यादा आहे. आपल्याकडे मात्र जो वेगात टाकतो त्यालाच दोन्ही टोकांनी राबवायची हौस! क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे, धावांसारखेच प्रत्येकाचे चेंडूही वहीत मांडा. सरावातले आणि गल्लीतले टेनिसचेसुद्धा. उजव्या हाताने टाकणारा मुलगा किंवा मुलगी कमरेच्या डाव्या बाजूला दुखते म्हणाली, तर मलम चोळून पुन्हा चेंडू हाती देऊ नका. आधी अस्थितज्ज्ञाला दाखवा.