अजामिळाला हरिद्वारपर्यंत जाऊ द्या

भागवतातल्या भक्तीवर आक्षेप घ्यायचा म्हटले की अजामिळ हाताशी असतोच. कान्यकुब्जचा हा ब्राह्मण एका दासीच्या नादी लागला आणि जुगार, फसवणूक, चोरी करत 88 वर्षांचा झाला. मरतेवेळी यमदूत दिसले तेव्हा घाबरून त्याने दहा मुलांतल्या धाकट्याला, नारायणाला, हाक मारली. देवाचे नाव तोंडून गेले, विष्णुदूत धावून आले आणि यमदूतांना हात हलवत परतावे लागले. आक्षेपक विचारतो, जन्मभर लोकांना नाडायचे आणि एका हाकेवर सुटायचे, हा कुठला न्याय? अशी भक्ती माणसाला आळशी आणि बेमुर्वत करणार नाही तर काय?

प्रश्न रास्त आहे. गंमत अशी की त्याला दारूगोळा पुरवला तो भाविकांनीच. सप्ताहाच्या मांडवात अजामिळाची कथा बहुधा इथपर्यंतच रंगते. मग गजर होतो आणि पुढचे आख्यान सुरू. टीकाकार आणि कथेकरी, दोघेही एकाच जागी पोथी मिटतात.

सहाव्या स्कंधात मात्र कथा तिथे संपत नाही. अजामिळ त्या क्षणी मरतच नाही. दोन्ही बाजूंच्या दूतांचा वाद तो पडल्या पडल्या ऐकतो आणि ते गेल्यावर स्वतःचा हिशेब मांडू लागतो. म्हाताऱ्या आईबापांना टाकले, निरपराध तरुण बायकोला वाऱ्यावर सोडले, एकेक आठवून तो स्वतःला दोष देतो. मग घरदार सोडून गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारला जातो आणि इंद्रिये आवरून साधनेला बसतो. चित्त स्थिर झाल्यावर तेच विष्णुदूत पुन्हा दिसतात आणि तेव्हा कुठे गंगेकाठी त्याचा देह पडतो.

थट्टेत घेतलेले नामही पाप धुते, असे त्याच प्रकरणात सांगितले आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावर भागत असते तर अजामिळाला एवढी पायपीट कशाला करायला लावली असती? (त्या दासीला मात्र कथेत ना नाव आहे, ना तिचे पुढे काय झाले याची वार्ता. आक्षेपकाने इथे बोट ठेवले असते, तर उत्तर देणे जड गेले असते.)

आता भक्ती कशाला म्हणायचे, हे ग्रंथालाच विचारावे. तिसऱ्या स्कंधात कपिल आपल्या आईला, देवहूतीला, सांगतो की सर्व प्राण्यांतल्या देवाची अवज्ञा करून मूर्ती पुजणे म्हणजे राखेत आहुती टाकणे. अकराव्या स्कंधात तर सरळ प्रतवारीच लावली आहे. जो मूर्तीपुढे श्रद्धेने वाकतो, पण भक्तांकडे आणि इतर माणसांकडे पाहत नाही, त्याची गणना शेवटच्या पायरीवर.

दहाव्या स्कंधातला प्रसंग याहून झोंबणारा आहे. भुकेले गोप यज्ञशाळेत अन्न मागायला जातात. याज्ञिक ब्राह्मण हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. ऐकून न ऐकल्यासारखे करतात. त्यांच्या बायका मात्र नवरे आणि भाऊ अडवत असतानाही अन्नाची भांडी घेऊन निघतात. नंतर ते ब्राह्मण आपल्याच विद्येचा आणि कुळाचा धिक्कार करतात. कर्मकांडाची अशी हजेरी घेणाऱ्या ग्रंथाला पोकळ भक्तीचा पुरस्कर्ता कसे म्हणावे?

महाराष्ट्रात त्याचे मर्म ओळखले ते पैठणच्या एकनाथांनी. संसारात राहून त्यांनी अकराव्या स्कंधाच्या 31 अध्यायांवर ओवीबद्ध टीका लिहिली आणि 1573 मध्ये ती काशीत पुरी केली. लोकभाषेत लिहिण्यापायी पंडितांचा रोष ओढवला, अशी परंपरा सांगते. पुढे 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीत शिरलेले चुकीचे पाठ काढून त्यांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्यांना भक्तीत आळस दिसतो, त्यांनी ओवीमागून ओवी पाठ तपासण्याचे हे काम आठवडाभर तरी करून पाहावे.