बियाण्याचे वार्धक्य

२०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातील अनेक शेतांत पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही आणि तक्रारी, पंचनामे व नुकसानभरपाईचे अर्ज यांनी सरकारी दफ्तरे भरून गेली, तेव्हा सारी चर्चा दोषी कोण एवढ्यावरच खिळली. परंतु कोठारात निपचित पडलेले बीही म्हातारे होत असते, हे निसर्गसत्य त्या कोलाहलात दृष्टीआड झाले. सोयाबीनचे टरफल पातळ आणि दाण्यात तेल विपुल. त्यामुळे उष्ण, दमट हवेत तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन पेशींची आवरणे जीर्ण होतात, आणि असा दाणा ओलीत पडताच त्यातील शर्करा व क्षार पाझरून भोवतालच्या बुरशीचेच पोषण होते. शिवाय उगवणशक्तीच्या आधी जोम ओसरतो. म्हणूनच प्रयोगशाळेत ७० टक्क्यांची विहित किमान मर्यादा गाठणारे बी शेतात मात्र उशिरा, तुटक उगवते आणि पावसाने जमिनीवर धरलेली पापडी खुरट्या रोपांना भेदवत नाही. बियाण्यातील ओलावा एका टक्क्याने घटविल्यास त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, हा ठोकताळा ध्यानी घेऊन सरकारने गोदामांतील आर्द्रतेची तपासणी आणि पिशवीवर जोमचाचणीचा दाखला सक्तीचा करावा. शेतकऱ्यानेही पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवड्याने मोजावेत आणि सत्तरांहून कमी निरोगी मोड आल्यास बियाण्याचे प्रमाण त्या हिशेबाने वाढवावे. हंगाम हुकल्यावर मिळणारी भरपाई कितीही न्याय्य असली, तरी ती मृगाचा वाफसा परत आणू शकत नाही.