अनसूया आणि प्रियंवदा

महाभारताच्या आदिपर्वांतील शकुंतलेला एकही सखी नाहीं. ती राजाला स्वतःच आपली जन्मकथा सांगते, स्वतःच विवाहाची अट घालते आणि पुढें भर सभेंत स्वतःच त्याच्याशीं भांडते. कालिदासाची शकुंतला इतकी बोलकी नाहीं. तिच्या वाटचें पुष्कळसें बोलणें त्यानें दोन सख्यांकडे सोंपविलें आहे. त्यांपैकीं अनसूया गंभीर व प्रियंवदा खेळकर, असें एका वाक्यांत सांगून पुढच्या श्लोकाकडे वळण्याची वर्गांतून वहिवाट आहे.

वहिवाट खोटी नाहीं. पहिल्या अंकांत वल्कल घट्ट बांधल्याची तक्रार प्रियंवदेविरुद्ध असते, आणि तें सैल करण्याची विनंती अनसूयेला. अनोळखी पाहुण्याला कुल, देश व येण्याचें कारण विचारणारी अनसूयाच. लटक्या रागानें निघालेल्या शकुंतलेला दोन झाडांच्या पाण्याचें ऋण दाखवून अडविणारी प्रियंवदा. तिसऱ्या अंकांत प्रेमपत्राची युक्ति प्रियंवदेची. राजांना पुष्कळ स्त्रिया असतात, तेव्हां आमच्या सखीसाठीं आप्तांना शोक करण्याची पाळी येऊं देऊं नका, असें राजाच्या तोंडावर बजावणारी मात्र अनसूया. एकत्र कुटुंबांत थोरली जाऊ जें काम करते, तें ही पोरगी तपोवनांत करते!

परंतु चौथ्या अंकाचा विष्कंभक नीट वाचावा. राजा आठवण ठेवील ना, ही चिंता अनसूयेची. अशी आकृति गुणांवांचून नसते, हें समाधान प्रियंवदेचें. लगेच तात काय म्हणतील ही धास्ती प्रियंवदेला वाटते, आणि त्यांना हें मान्यच होईल असें अनसूया कारणासह पटवून देते. एकीला भय वडिलांच्या रोषाचें. दुसरीला परक्या पुरुषाच्या शब्दाचें.

इतक्यांत दुर्वास येतो. अतिथीची हांक शकुंतलेच्या कानीं पडत नाहीं; शाप ऐकतात या दोघी. त्या कोपिष्टाच्या मागें अनसूया धाडते ती प्रियंवदेला, आणि जिचा खेळकरपणा आपण हंसण्यावारी नेतों तीच, ओळखीचा अलंकार दिसतांच शाप फिटेल, एवढें त्याच्याकडून पदरांत पाडून घेते. अनसूयेचें शहाणपण त्या मुनीपुढें कितपत टिकलें असतें, याची आम्हांस शंका आहे.

मग ती गोष्ट ठरते, जिच्यावर पुढचें सारें नाटक उभें आहे. शाप शकुंतलेला कळूं द्यावयाचा नाहीं! हा विचार प्रथम मांडते कोण? प्रियंवदा नव्हे, अनसूया. सखी स्वभावानें नाजूक, तिला जपलें पाहिजे, हें तिचें कारण; नवमालिकेवर कढत पाणी घालण्याचा दाखला देऊन प्रियंवदा रुकार देते. आमच्या घरांतून अशुभ वार्ता बाळंतिणीपासून, वृद्धांपासून लपविल्या जातात त्या अशाच मायेनें, आणि बहुधा घरांतील सर्वांत शहाण्या माणसाच्या सल्ल्यानें. राजाची मुद्रिका शकुंतलेच्या बोटांत आहे, म्हणजे उपाय तिच्याच हातीं आहे, हा हिशेब बिनचूक होता. मात्र जिच्या हातीं उपाय, तिलाच त्याचें मोल ठाऊक नव्हतें. शचीतीर्थाच्या उदकाला वंदन करतांना ती मुद्रिका गळून पडली. मोल ठाऊक असतें, तर तिनें बोट आवळून धरलें नसतें काय?

सांगण्याची एक संधि आली होती. निरोपाच्या वेळीं दोघी म्हणतात, राजानें ओळखण्यास विलंब लाविला तर ही मुद्रिका दाखव. शकुंतलेला कांपरें भरतें. त्या क्षणीं तरी सांगावयाचें! पण स्नेहाला भलत्या शंका येतात, एवढें बोलून विषय मिटतो. या दोघींचींही लग्नें व्हावयाचीं आहेत, म्हणून कण्व त्यांना राजधानीस जाऊं देत नाहीं. बरोबर गौतमी जाते. सभेंत शार्ङ्गरव तावातावानें बोलतो, गौतमी मुखावरील अवगुंठन दूर करते. पण शापाविषयीं एक शब्द सांगूं शकेल असें तेथें कोणीच नाहीं. प्रियंवदा तेथें असती तर गप्प राहिली असती असें आम्हांस वाटत नाहीं. अनसूया कदाचित् राहिली असती.

सातव्या अंकांत मारीच शापाची हकीकत सांगतात, तेव्हां शकुंतलेला सख्यांच्या त्या बोलण्याचा उलगडा होतो. ती त्यांना दोष देत नाहीं. पतीनें आपणांस अकारण टाकलें नव्हतें, याचेंच तिला समाधान. मारीच ही सुवार्ता आकाशमार्गानें कण्वाकडे धाडतात. ती आश्रमांत पोहोंचली तेव्हां दोघी तेथें होत्या कीं सासरीं गेल्या होत्या, हें कालिदास सांगत नाहीं.