विश्लेषण : लिनक्सवर फायरफॉक्स आपोआप डाउनलोड करणाऱ्या स्क्रिप्ट का अडल्या?

४ फेब्रुवारी २०२५ रोजी फायरफॉक्सची १३५ वी आवृत्ती आली आणि लिनक्सवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालणाऱ्या अनेक छोट्या स्क्रिप्टनी मान टाकली. पत्ता तोच, सर्व्हर सुरू, इंटरनेटही व्यवस्थित. तरी टर्मिनलवर एकच तक्रार : ही बीझिप२ प्रकारची फाइल नाही. ज्यांनी टर्मिनल उघडून पाहिले त्यांना निदान तक्रार तरी दिसली. ज्यांची स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून आपोआप चालत होती, त्यांच्यापैकी कित्येकांना काही बिघडले आहे याचा पत्ताच लागला नाही.

नेमके काय बदलले?

मोझिलाकडे ‘लेटेस्ट’ नावाचा एक कायमचा दुवा आहे. त्यात फायरफॉक्स, लिनक्स ६४ बिट आणि भाषा एवढे सांगितले की त्या दिवशीची ताजी फाइल मिळते. भाषेच्या जागी मराठीचे ‘एमआर’ हे संकेताक्षर टाकले तर मराठी फायरफॉक्स उतरतो. आवृत्तीचा क्रमांक शोधत बसावे लागत नाही, म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचा हा लाडका दुवा.

मात्र हा दुवा फक्त ‘ताजी फाइल देईन’ एवढेच वचन देतो. ती फाइल कोणत्या प्रकारे आवळलेली असेल, याचे वचन त्यात नाही. १३५ व्या आवृत्तीपासून मोझिलाने लिनक्ससाठी बीझिप२ सोडून एक्सझेड पद्धत घेतली. मोझिलाच्या म्हणण्यानुसार त्यामुळे फाइल सरासरी २५ टक्के लहान झाली आणि उलगडण्याचा वेग दुपटीहून अधिक वाढला. बदल योग्यच होता आणि त्याची सूचना २०२४ च्या अखेरीस नाइटली आवृत्तीच्या वेळी दिलीही होती. पण क्रॉनमध्ये टाकून विसरलेल्या स्क्रिप्टचा मालक अशा सूचना वाचत नसतो.

दुरुस्ती एका अक्षराची?

बहुतेक स्क्रिप्टमध्ये फाइल उलगडण्यासाठी ‘टार’ या आज्ञेला ‘स्मॉल जे’ हा पर्याय दिलेला असतो. त्याचा अर्थ ‘ही फाइल बीझिप२ आहे असे धर’. एक्सझेडसाठी ‘कॅपिटल जे’ लागतो. तेवढे बदलले की काम चालू होते. पण उद्या पद्धत पुन्हा बदलली तर पुन्हा तेच. त्यापेक्षा प्रकार न सांगणे बरे. आजचा टार फाइल पाहून प्रकार स्वतः ओळखतो.

इथे एक खोच आहे. कर्लने येणारी माहिती पाइपमधून थेट टारकडे ढकलली, तर टारला हे ओळखणे जमत नाही. फाइल आवळलेली आहे, अमुक पर्याय द्या, असे सांगून तो थांबतो. म्हणून आधी फाइल डिस्कवर उतरवावी आणि मग उलगडावी. डॉकरच्या आटोपशीर प्रतिमांमध्ये तर एक्सझेड हा प्रोग्रामच नसतो. तिथे ‘एक्सझेड-युटिल्स’ हे पॅकेज आधी बसवावे लागते.

फाइल आली, पण भलतीच आली तर?

हा दोष जुना आहे आणि त्याचा १३५ व्या आवृत्तीशी संबंध नाही, पण लक्षणे अगदी तशीच दिसतात. ‘लेटेस्ट’ दुवा स्वतः फाइल देत नाही, दुसऱ्या पत्त्याकडे पाठवतो. कर्लला ‘कॅपिटल एल’ हा पर्याय दिला नाही तर तो पहिल्याच दारात थांबतो आणि ब्राउझरऐवजी जेमतेम काही बाइटची फाइल हाती येते. पत्ता चुकला असेल तर सर्व्हरचे ‘सापडले नाही’ हे पानच ब्राउझरच्या नावाने जतन होते. ‘स्मॉल एफ’ पर्याय दिला तर कर्ल अशा वेळी चूक झाल्याचे कळवतो.

त्याहून फसवे आहे ते पत्त्यातले & हे चिन्ह. पत्ता अवतरणचिन्हांत ठेवला नाही, तर शेल या चिन्हापाशी आज्ञा तोडते. सर्व्हरकडे अर्धाच पत्ता पोहोचतो, लिनक्स आणि भाषा हे तपशील वाटेतच गळतात. म्हणून टारला दोष देण्याआधी ‘फाइल’ ही आज्ञा चालवून हाती काय आले आहे ते पाहावे. अर्धे निदान तिथेच होते.

एवढा गाजावाजा कशासाठी?

कारण अडलेली स्क्रिप्ट म्हणजे जुना ब्राउझर. ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्समधील एका त्रुटीचा हल्लेखोर प्रत्यक्ष वापर करत असल्याचे उघड झाले आणि मोझिलाने १३१.०.२ ही आवृत्ती घाईने आणली. अशा वेळी स्क्रिप्ट मुकाट्याने मागे राहिली असती तर वापरकर्त्याला काहीच वेगळे दिसले नसते. १४ मार्च २०२५ रोजी मोझिलाच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा १२८ पूर्वीच्या आवृत्त्यांना (ईएसआर शाखेत ११५.१३ पूर्वीच्या) ॲड-ऑन बंद पडण्याचा धोका होता.

काही स्क्रिप्ट तर आधी जुने फोल्डर पुसतात आणि मग नवे उलगडतात. उलगडणे फसले की ब्राउझरच नाहीसा. क्रम उलटा हवा : नवी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडावी, मोझिला प्रत्येक आवृत्तीसोबत देत असलेल्या शा-२५६ बेरजेशी ती ताडून पाहावी, एकदा आवृत्ती विचारून चालते का ते बघावे आणि मगच जुनी हलवावी. चूक होताच स्क्रिप्ट थांबेल अशी सोय वरच्या ओळींत असावी आणि क्रॉनचा संदेश कोणीतरी वाचेल अशा ठिकाणी जावा.

स्क्रिप्ट हवीच का?

अनेकांना नको. मोझिलाकडून थेट घेतलेला फायरफॉक्स स्वतःला अद्ययावत करतो, फक्त तो ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी हवी. रूटने ‘ऑप्ट’मध्ये ठेवला की ती नसते आणि स्क्रिप्टची गरज तिथूनच सुरू होते. डेबियन, उबुंटू, मिंट वापरणाऱ्यांसाठी मोझिलाने जानेवारी २०२४ मध्ये, १२२ व्या आवृत्तीपासून, स्वतःचे एपीटी भांडार सुरू केले आहे. उबुंटूचे स्नॅप नको म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना हाच मार्ग सोपा.

तरीही स्क्रिप्ट ठेवणाऱ्यांनी दुव्यातले ‘ओएस’ एकदा तपासावे. तिथे नुसते ‘लिनक्स’ लिहिले तर मोझिलाच्या भाषेत त्याचा अर्थ ३२ बिट असा होतो आणि नोव्हेंबर २०२५ मधील १४५ व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स मिळणे बंद झाले आहे. तसे संगणक अजून वापरणाऱ्यांना ईएसआर १४० शाखा किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत अद्ययावत मिळत राहील.